शिकारी रिव्हॉल्व्हरचा प्रत्याघात आणि मुठीची साक्ष

जुन्या हत्यारांच्या याद्यांत ‘मूठ मूळची नाहीं’ असा शेरा वारंवार आढळतो आणि त्यासरशी वस्तूचें मोल उतरतें. मोठ्या व्यासाच्या शिकारी रिव्हॉल्व्हरांपुरता तरी हा निर्णय अविचाराचा आहे, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आपल्या संग्राहकांस हौदा-पिस्तूल परिचित आहे. हत्तीवर झेपावलेल्या वाघावर तें अगदीं जवळून झाडावयाचें असल्यामुळें तेथें नेमाचा प्रश्न गौण होता. अमेरिकेंतील शिकारी मात्र हरणावर किंवा एल्कवर रिव्हॉल्व्हरनें दुरून नेम धरतात. तेथें प्रत्याघात आवरणें हेंच मुख्य कौशल्य होय.

हा धक्का मनगटाच्या बळानें जिंकावयाचा, ही समजूत गणितास उतरत नाहीं. १९५५–५६ मध्यें प्रचारांत आलेल्या .४४ मॅग्नम काडतुसाची २४० ग्रेनांची गोळी सेकंदास सुमारें १४०० फूट वेगानें सुटते. रिव्हॉल्व्हर ३ पौंडांचें, म्हणजे २१,००० ग्रेनांचें धरल्यास तें गोळीच्या साडेसत्त्याऐंशी पट भरतें. अर्थात् एकट्या गोळीमुळेंच तें सेकंदास १६ फूट वेगानें मागें येऊं पाहतें. दारूच्या वायूचा वाटा निराळाच. शिवाय नळी हाताच्या पकडीहून उंच असल्यामुळें तिचें तोंड वर उसळतें. बळानें हा वेग नाहींसा होत नाहीं. तो तळहाताच्या किती भागावर व किती काळांत पचवावयाचा, हें बहुतांशीं मुठीच्या घडणीवर ठरतें.

कोल्टच्या १८७३ च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वांकडी आहे. बार होतांच ती तळहातांत वर फिरते व धक्क्याचा कांहीं भाग त्या फिरण्यांत खर्चीं पडतो. मध्यम काडतुसास ही युक्ति उत्तम. परंतु काडतूस जबर झालें म्हणजे चापाभोंवतालचें कडें मधल्या बोटाच्या पेरावर आदळतें. १८९४ मध्यें कोल्टनेंच काढलेल्या ‘बिस्ली’ची मूठ अधिक उभी असून मागून हातावर उंच चढते, त्यामुळें हत्यार कमी फिरतें.

एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनीं ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकांत १९२९ मध्यें ज्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरचें वर्णन केलें, त्याच्या मुठीचा मागचा पट्टा बिस्लीचा व पुढचें कडें १८७३ च्या नमुन्याचें होतें. लेखाचें नांव ‘दि लास्ट वर्ड’, म्हणजे अखेरचा शब्द. हा अभिमान टिकला नाहीं. पुढें स्वतः कीथ यांनींच मॅग्नम काडतुसाचा हट्ट धरला. १९८० नंतरच्या दशकांत रूगर कंपनीनें बिस्लीच्या धर्तीची मूठ पुन्हां काढली, आणि जॉन लाइनबॉ यांनीं त्याहूनहि जबर काडतुसांसाठीं तीच पसंत केली. ग्रंथकर्त्याचा सिद्धांत पडला, पण त्यांतील विचार उरला.

‘मूळची नाहीं’ या कसोटीनें कीथ यांचें तें हत्यारहि सदोष ठरेल! पोथीच्या समासांतील दुसऱ्या हाताचा शोध आपण पुसून टाकीत नाहीं. पोथी वाचली गेली, याचा तो पुरावा असतो. बदललेली मूठहि तशीच आहे. हत्यार कोणीतरी खरोखर चालविलें आणि त्याचा हात दुखावला, हें ती सांगते. म्हणून यादीकारांनीं केवळ दोष न नोंदतां मुठीचा आकार, लांकूड, झीज आणि हत्याराचें वजन हीं लिहून ठेवावींत. नाहींतर साक्षीदार समोर उभा असतां त्याची जबानीच घेतली नाहीं, असें होईल.