ललित वाङ्मयातील यवन

ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. शाळेच्या ग्रंथालयात ज्या पुस्तकांची बांधणी सर्वांत आधी सुटते त्यांत या प्रकारातील पुस्तके हटकून असतात, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव. परंतु या विपुल वाङ्मयात एक उणीव राहिली आहे. आपली कादंबरी शिवकाल आणि पेशवाई ओलांडून प्राचीन काळात क्वचितच जाते. आणि गेलीच, तर त्या काळी याच भूमीवर राज्य केलेला, येथे वकिलात केलेला, येथे दानधर्म केलेला ग्रीक मनुष्य तिला दिसत नाही. त्याची स्वारी दिसते. तो दिसत नाही. असे का व्हावे, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. ‘यवन’ हा शब्द मूळचा आयोनियातील ग्रीकांचा वाचक. इराणी ‘यौना’वरून तो आपल्याकडे आला व प्राकृतात ‘योन’, ‘योनक’ अशा रूपांनी रुळला. पुढे त्याचा अर्थ पालटत गेला आणि बखरकारांच्या काळापर्यंत तो मुसलमानी सत्तांस लागू झाला. मराठी ऐतिहासिक कादंबरीने हा शब्द बखरींतून उचलला, तो त्याच्या साऱ्या वैरभावासह उचलला. परिणामी आजचा मराठी लेखक दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या ग्रीकास ‘यवन’ म्हणतो, तेव्हा वाचकाच्या मनात तक्षशिलेचा नागरिक उभा राहत नाही, विजापूरचा सरदार उभा राहतो. पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच शब्दाने निवाडा दिलेला असतो.

दुसरी अडचण दृष्टीची आहे. हरि नारायण आपट्यांची ‘चंद्रगुप्त’ ही या काळाविषयीची आपली सर्वपरिचित कादंबरी. ‘मुद्राराक्षसा’च्या परंपरेला अनुसरून तिचा भर पाटलिपुत्रातील राजकारणावर आहे, ग्रीक तेथे पार्श्वभूमीपुरते आहेत. याचा दोष आम्ही हरिभाऊंस देत नाही. परसत्तेखाली दबलेल्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाची आठवण देणे हे त्या पिढीचे इष्ट कार्य होते, व ते त्यांनी उत्तम केले. शेजारच्या भाषांत ग्रीक पात्रे रंगभूमीवर आली खरी. द्विजेंद्रलाल राय यांच्या ‘चंद्रगुप्त’ (१९११) या बंगाली नाटकात सेल्यूकसची कन्या हेलन आहे, आणि जयशंकर प्रसादांच्या त्याच नावाच्या हिंदी नाटकात (१९३१) कार्नेलिया आहे. ग्वाल्हेरीस हिंदीच्या वर्गात प्रसादांची ही नायिका आमच्या विद्यार्थ्यांना चांगलीच ठाऊक असते. तिच्या मुखी भारतभूमीचे स्तुतिगीत आहे. म्हणजे आपल्या साहित्यात ग्रीकास दोनच भूमिका मिळाल्या : पुरुष असेल तर आक्रमक, स्त्री असेल तर भारतावर भाळलेली सून. दोन्ही भूमिकांत तो आपल्या हातातील आरसा आहे. त्यात आपण आपलाच पराक्रम आणि आपलेच सौंदर्य पाहतो.

मराठीत ग्रीक जगाशी जवळीक साधली गेली ती दुसऱ्या वाटेने. सोफोक्लीसच्या राजा ईडिपसला मराठी रूप लाभले. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहात ‘ऑर्फियस’ लिहून ग्रीक पुराणकथा पूर्णपणे आपली केली. परंतु पुराणकथेस सनावळी नसते. ती कोणत्याही भूमीत रुजते. इतिहासातील मनुष्य मात्र ठराविक काळी, ठराविक रस्त्याने, ठराविक भाषा बोलत आलेला असतो. त्याला उभे करण्याचे काम निराळे, आणि अधिक कष्टाचे.

या कामास सामग्री नाही असे कोणी म्हणेल तर त्याने नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा म्हणून गौरव आहे. त्याच डोंगरातील सतराव्या क्रमांकाचे लेणे एका यवनाने कोरविले आहे. तो उत्तरेकडील दत्तामित्री येथील राहणारा. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धर्मदेव, मुलाचे धर्मरक्षित. तिन्ही नावे भारतीय, तरीही तो स्वतःस ‘योनक’ म्हणवितो. जुन्नर व कार्ले येथील लेण्यांतही यवन दात्यांचे लेख आहेत. हे सारे वंशाने ग्रीकच होते की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कादंबरीकारास तो वाद मिटविण्याचे कारण नाही. नावे बदलली, धर्म बदलला, तरी एक मनुष्य आपले यवनपण दगडात कोरून का ठेवतो, हा प्रश्न त्यास पुरेसा आहे.

आणि ग्वाल्हेरकरांना तर नाशिकपर्यंतही जाण्याचे कारण नाही. विदिशेजवळ, पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानात, बेसनगरचा स्तंभ उभा आहे. कनिंगहॅमने तो १८७७ मध्ये पाहिला. परंतु ‘खांबबाबा’ म्हणून भाविकांनी त्यावर शेंदराची इतकी पुटे चढविली होती की खालील अक्षरे त्यास दिसली नाहीत. लेख १९०९ मध्ये उजेडात आला, आणि पुढे १९१३ ते १९१५ या काळात दे. रा. भांडारकरांनी तेथे उत्खनन केले. तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र हेलिओदोर, अंतलिकित राजाचा वकील म्हणून काशीपुत्र भागभद्राच्या चौदाव्या राज्यवर्षी येथे आला. त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, आणि स्वतःस ‘भागवत’ म्हणविले. लेखाच्या शेवटी दम, त्याग आणि अप्रमाद ही स्वर्गास नेणारी तीन पदे सांगितली आहेत. याच विदिशेत कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ घडविले. त्यात वसुमित्राने सिंधूकाठी यवनांचा पराभव केल्याची वार्ता पत्राने येते. नाटकातील यवन हरलेला आहे. वेशीबाहेरील यवन हात जोडून उभा आहे. या दोन यवनांच्या मध्ये एक कादंबरी वाट पाहत आहे.

मात्र येथेही एक मोह आहे. हेलिओदोर आपल्या धर्मास शरण आला, एवढेच सांगून थांबणारा लेखक त्याला कार्नेलियाच्याच रांगेत बसवील. खरा लेखक विचारील : तो काय मागे ठेवून आला होता? आक्षू नदीवरील आय-खानूम येथे १९६४ नंतर फ्रेंच संशोधकांनी केलेल्या उत्खननात ग्रीक नगर सापडले. तेथे नाट्यगृह होते, व्यायामशाळा होती, आणि डेल्फीची नीतिवचने शिळेवर कोरलेली होती. अशी त्रोटक वचने ज्याच्या कानांवर बालपणी पडली असतील, त्याने परमुलखात तीन शब्दांचे नीतिसूत्र कोरविले, तेव्हा त्यास काही नवे सापडले, की जुनेच ओळखीचे भेटले? शिवाय तो वकील होता. भक्तीत मुत्सद्देगिरी किती, आणि मुत्सद्देगिरीत भक्ती किती? याचे उत्तर शिलालेख देत नाही. कादंबरीने ते शोधावयाचे असते.

मेरी रेनॉल्ट या इंग्रज लेखिकेने ‘द पर्शियन बॉय’ (१९७२) मध्ये अलेक्झांडरची कथा बागोआस या इराणी सेवकाच्या मुखातून सांगितली. जित मनुष्य जेत्याकडे पाहतो आहे, आणि तरी दोघांपैकी कोणीही लहान होत नाही. आपल्याकडे असा प्रयोग व्हावयाचा तर हेलिओदोराची हकीगत विदिशेतील एखाद्या पाथरवटाने सांगावी. परकी नावे ब्राह्मी अक्षरांत बसविताना त्याचा हात कोठे अडखळला, येथून प्रारंभ करता येईल.

भाषेचा प्रश्न उरतोच. ‘मुजरा’, ‘फौज’, ‘किल्लेदार’ हे शब्द त्या काळात शोभणार नाहीत. केवळ संस्कृतप्रचुर वाक्ये रचली तर सारी पात्रे एकाच पाठशाळेत शिकल्यासारखी बोलतील. साधी, तद्भव शब्दांची, घरगुती मराठी येथे अधिक उपयोगी पडेल असे आमचे मत आहे. ‘यवन’ शब्द टाळण्याचे कारण नाही. तो हेलिओदोराने स्वतःच्याच तोंडाने, स्वतःविषयी उच्चारावा, म्हणजे त्याचा जुना अर्थ त्यास परत मिळेल.

परक्यास शत्रू किंवा भक्त न करता मनुष्य म्हणून कल्पिता येणे, ही वाङ्मयाच्या प्रौढत्वाची कसोटी होय. वर्गात इतिहास शिकविताना तीच कसोटी आम्हां शिक्षकांसही लागू आहे. बेसनगरच्या स्तंभावरील शेंदूर निघून शंभराहून अधिक वर्षे झाली. आपल्या कादंबरीतील यवनावरची पुटे अजून तशीच आहेत. ती खरवडण्याचे काम मराठी लेखकाने आता हाती घ्यावे.