आस्वाद की श्रम? : कोचेलातील प्रेक्षक

कॅलिफोर्नियातील इंडिओ येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या कोचेला महोत्सवात २०१८ साली बियॉन्से या गायिकेने अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या वाद्यपथकांची परंपरा मुख्य रंगमंचावर उभी केली. त्या प्रयोगाचे अर्थकेंद्र सामूहिक स्मृतीत होते. त्याच महोत्सवात इन्फ्लुएन्सर मात्र रंगमंचाकडे पाठ करून स्वतःची प्रतिमा टिपतात. त्यांच्या चिन्हव्यवस्थेत गाणे ही पार्श्वभूमी ठरते. ‘मी तेथे होतो’ एवढाच आशय उरतो. गी दबोर यांच्या १९६७ मधील मीमांसेत प्रेक्षक हा दृश्यापुढे निष्क्रिय होता. येथे तो दृश्याचा उत्पादक, आणि पुष्कळदा जाहिरातीचा वाहकही, झाला आहे. म्हणूनच प्रश्न अभिरुचीच्या ऱ्हासाचा नाही. आस्वादाचे श्रमात रूपांतर होत असताना एका समूहाची स्मृती ऐकण्यासाठी कोण मोकळा उरतो, हा आहे.