गळ, गरी आणि वलगण : ओढ्याकाठच्या मासेमारीचे साहित्यरूप

प्रस्तावना

मासेमारी हा विषय मराठी साहित्याला अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. समुद्र, कोळीवाडा, होडी आणि जाळे यांचे चित्रण कथा-कादंबरीपासून लोकगीतापर्यंत सर्वत्र आढळते. परंतु सुट्टीच्या दिवशी एखाद्या लहानशा ओढ्याकाठी गळ टाकून एकटाच बसलेला, पोटासाठी नव्हे तर मनासाठी मासे धरणारा माणूस मराठी ललित गद्यात अपवादानेच भेटतो. याउलट इंग्रजी साहित्यात अशा माणसाभोवती एक स्वतंत्र लेखनपरंपरा उभी राहिली आहे. हा फरक केवळ आवडीनिवडीचा आहे, की त्यामागे भूगोल, समाजरचना आणि भाषा यांची काही कारणे आहेत, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) ही कथा मध्यवर्ती मानली असून, तिच्या शेजारी पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने केलेला ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ चा अनुवाद आणि पनवेल परिसरातील वलगणीची मौखिक परंपरा यांचा विचार केला आहे.

परंपरेची पार्श्वभूमी

आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन यांनी त्यास कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याच्या कलेवरील भाग जोडला. पिसे व दोरा गळाला गुंडाळून पाण्यावरील कीटकाचा आभास निर्माण करावयाचा आणि जड दोरीच्या झोक्याने तो अचूक जागी अलगद उतरवावयाचा, असे या कलेचे स्वरूप आहे. ट्राउट हा थंड, वाहत्या व प्राणवायूने समृद्ध पाण्यातील मासा होय. पाण्याचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या फार वर गेले की त्याला जगणे कठीण होते. म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी हा मासा भारतात आणला तो काश्मीर आणि निलगिरी यांसारख्या थंड प्रदेशांत. काश्मीरमध्ये तो १९०० साली रुजला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक ओढे पावसाळ्यात उधाणतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. तेथे ट्राउटचे, आणि म्हणून ट्राउटविषयक साहित्याचेही, नैसर्गिक स्थान नाही. साहित्यप्रकारालाही हवामान असते, ही गोष्ट तौलनिक अभ्यासात पुष्कळदा नजरेआड होते.

तथापि केवळ हवामान हे पुरेसे कारण ठरत नाही. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले आणि त्यात भारतीय नद्यांतील महसीर हाच नायक आहे. जिम कॉर्बेट यांनीही ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) या व्याघ्रकथांच्या पुस्तकात महसीर धरण्यावर एक प्रकरण लिहिले. महसीर महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवर कंपनीने त्याच्या बीजोत्पादनाचे केंद्र चालविले आहे. मुंबईत पवई तलावाकाठी हौशी गळधारकांची संघटनाही आहे. म्हणजे मासा आहे, हौसही आहे. नाही ते त्या हौसेचे मराठी गद्य.

दोन दिवसांचा विधी

‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ मध्ये घटना जवळजवळ नाहीत. निक ॲडम्स हा तरुण मिशिगनमधील सेनी या जळून गेलेल्या गावी आगगाडीतून उतरतो. पुलावरून खाली पाहतो, तेव्हा प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून, पर हलवीत स्थिर उभे असलेले ट्राउट त्याला दिसतात. मग तो पाठीवरचे ओझे घेऊन चालत जातो, तंबू उभारतो, डबाबंद अन्न गरम करून खातो, कॉफी करतो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने जड झालेले नाकतोडे बाटलीत गोळा करून तो नदीत उतरतो. एक मोठा मासा दोर तोडून निसटतो, दोन हाती लागतात. पुढे दलदल आहे. तेथे तो त्या दिवशी जात नाही. कथा संपते.

या कथेत युद्धाचा उल्लेख नाही. १९१८ साली इटलीच्या आघाडीवर जखमी झालेल्या हेमिंग्वे यांनी ‘अ मूव्हेबल फीस्ट’ (१९६४) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही कथा युद्धावरून परतण्याची असून तीत युद्धाचे नाव येत नाही असे नमूद केले आहे. जळलेली भूमी आणि त्या भूमीत राहून काळे पडलेले नाकतोडे एवढ्याच खुणा लेखक ठेवतो. येथे मासेमारी हे उद्दिष्ट नसून विधी आहे. खुंटी ठोकणे, दोर ओला करणे, आमिष लावणे या प्रत्येक कृतीला ठरलेला क्रम आहे आणि तो क्रम पाळला जातो तोवर मन स्वतःला सावरून धरते. मोठा मासा निसटल्यावर निकचे हात थरथरतात आणि तो काठावर बसून राहतो. वाचकाला युद्धाची तीव्रता कळते ती या ठिकाणी. एका माशाच्या हुकण्याने एवढा हादरणारा माणूस आधी काय गमावून आला असेल, हा प्रश्न लेखक विचारीत नाही. तो वाचकाच्या मनात उमटतो.

कथेतील एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. लहान मासा सोडून देताना निक आधी हात ओला करतो. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील चिकट आवरण जाते आणि तेथे पांढरी बुरशी धरते, हे त्याला ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकाने ही कथा वर्गात शिकविली तेव्हा नेमका हाच तपशील विद्यार्थ्यांना खटकला. सोडूनच द्यावयाचा तर धरला कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न होता. विचारणाऱ्यांत आगरी, कोळी आणि ठाकर घरांतील मुले होती. त्यांच्या घरी मासा हा रोजच्या जेवणाचा भाग आहे. हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. तो या संपूर्ण साहित्यप्रकाराला विचारलेला प्रश्न आहे. ओल्या हाताची करुणा ही भरल्या पोटाची करुणा आहे काय? निकच्या पाठपिशवीत अन्नाचे डबे आहेत, म्हणून त्याला मासा सोडता येतो. वॉल्टनपासून चालत आलेली ही परंपरा फुरसतीवर उभी आहे आणि फुरसत ही समाजात सारखी वाटली गेलेली नाही.

मराठीतील गळ : शब्द आणि प्रतिमा

आता मराठीकडे वळू. ‘गळाला लागणे’, ‘गळ टाकणे’, ‘आमिष दाखविणे’ हे आपले नित्याचे वाक्प्रचार. या सर्वांत गळ हे कपटाचे साधन आहे आणि बोलणाऱ्याची सहानुभूती, निदान सावधगिरीचा इशारा, माशाच्या बाजूने आहे. संतकाव्यातील प्रतिमाही हेच सांगते. आमिषाच्या लोभाने गळ गिळणारा मासा म्हणजे विषयांत गुंतलेला जीव, आणि पाण्यावेगळी तळमळणारी मासोळी म्हणजे ईश्वरासाठी व्याकूळ झालेला भक्त. दोन्ही ठिकाणी कवी स्वतःला माशाच्या जागी ठेवतो. इंग्रजी परंपरेत निवेदक काठी धरून काठावर उभा असतो. मराठी परंपरेत तो पाण्यात असतो. ज्या भाषेने सात शतके माशाच्या बाजूने विचार केला, तिच्यात गळ धरण्याच्या सुखाचे ललित गद्य सहज न रुजणे स्वाभाविक आहे.

दुसरे कारण शब्दाचेच आहे. मासे धरणाऱ्याला मराठीत ‘कोळी’ म्हणतात, आणि ते जातीचे नाव आहे. हौसेने मासे धरणाऱ्यासाठी रूढ नाम नाही. कोकणात ‘गरी’ हा शब्द गळासाठी आहे आणि त्यावरून ‘गरवणे’ हे सुंदर क्रियापदही आहे. परंतु गरवायला जाणाऱ्याची निराळी ओळख त्यातून तयार झाली नाही. क्रिया आहे, कर्त्याला नाव नाही. व्यवसाय जातीशी बांधला गेल्यामुळे त्या जातीबाहेरील लेखकाला हे काम ‘आपले’ वाटले नाही, आणि त्या जातीतील माणसाला ते ‘विरंगुळा’ म्हणून लिहिण्याची सवड फारशी मिळाली नाही.

‘एका कोळियाने’ (१९६५) या शीर्षकाकडे या दृष्टीने पाहावे. सर्वपरिचित बालकवितेतील कोळी हा जाळे विणणारा जीव आहे. पुनःपुन्हा पडूनही प्रयत्न न सोडणारा. देशपांडे यांनी तोच शब्दप्रयोग हेमिंग्वे यांच्या वृद्ध कोळ्यासाठी योजला. एका शब्दाच्या दोन अर्थांनी परक्या समुद्रातील म्हाताऱ्याला मराठी बालपणाच्या आठवणीत आणून बसविले, हे या शीर्षकाचे यश होय. परंतु मराठीत अवतरला तो पोटासाठी समुद्रावर जाणारा सांतियागो. निक ॲडम्सला असे घर मिळाले नाही. श्रम आणि चिकाटी यांची कथा आपल्या अभिरुचीला लगेच भिडते. काहीच न घडणाऱ्या दोन दिवसांची कथा भिडत नाही. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) पासून व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यापर्यंत मराठी निसर्गलेखनाने निरुद्देश पाहण्याचा वारसा निर्माण केला आहे. पण त्या पाहण्यात झाड, पाखरू आणि श्वापद यांना जे स्थान मिळाले, ते माशाला क्वचितच मिळाले. चितमपल्ली यांनी मत्स्यकोश सिद्ध केला, ही या उपेक्षेवरील मोलाची भरपाई होय.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले तेव्हा अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. खुद्री, कोलस, बोगट, नुक्ता ही नावे आजही शास्त्रीय नामावलीत लॅटिन पेहरावात वावरत आहेत. जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांना ठाऊक असलेले हे शब्द आपल्या ललित गद्यात मात्र शोधूनही सापडत नाहीत.

वलगण : न लिहिलेला ग्रंथ

पनवेलहून माथेरान रस्ता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याने निघाले की सुकापूर लागते. माथेरानच्या पायथ्याकडून देहरंग धरणातून येणारी गाढी नदी याच परिसरातून पनवेलच्या खाडीकडे जाते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीचे गढूळ पाणी ओहोळांत आणि ओहोळांचे पाणी भातखाचरांत चढते, तेव्हा अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात. यालाच वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात चढणीचे मासे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन माणसे बांधावर जातात. कोणी पाग टाकतो, कोणी बांधाच्या तोंडाशी बांबूची बोकशी लावतो, मुले हातांनीच धरतात. येथे एकांत नाही, गलका आहे. मासा सोडण्याचा प्रश्न नाही. तो शेजारी वाटण्याचा प्रश्न आहे.

वलगण आणि निकची नदी यांत एक साम्य मात्र आहे. दोन्ही ठिकाणी प्रवाहाविरुद्ध जाणारा मासा माणसाला काही काळ त्याच्या नित्य जीवनातून बाहेर काढतो. पाऊस कोणत्या रात्री पुरेसा झाला, कोणत्या ओहोळाचे तोंड आधी उघडते, पाण्याचा रंग कोणता असला म्हणजे मासा चढतो, हे ज्ञान निकच्या ज्ञानाइतकेच सूक्ष्म आहे. ते शब्दांत आहे, पण छापील शब्दांत नाही.

येथे भाबडेपणा टाळला पाहिजे. वलगणीचा मासा गाभोळीने भरलेला असतो आणि तो सरसकट धरला तर पुढील वर्षाचे बीज कमी होते. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटके व विष वापरण्यास बंदी घातली. बोकशीचा अपराध त्याहून कितीतरी लहान असला, तरी तिला निसर्गप्रेमाचे प्रतीक ठरविणे योग्य नाही. निकचा ओला हात आणि बांधावरची वाटणी ही दोन वेगळी नीतिशास्त्रे आहेत. एकात माशाची दखल आहे, दुसऱ्यात माणसाची. समीक्षेने यांपैकी एकाला श्रेष्ठ ठरविण्याऐवजी दोहोंतील उणीव एकमेकांच्या उजेडात पाहावी.

निष्कर्ष

मराठीत ओढ्याकाठच्या मासेमारीचे ललित गद्य अल्प असण्यामागे कोरडे पडणारे ओढे, जातीशी जोडलेला व्यवसाय आणि माशाच्या बाजूने विचार करणारी काव्यपरंपरा अशी तीन कारणे दिसतात. यांपैकी तिसरे कारण उणेपणाचे नाही. तो आपल्या भाषेचा स्वभाव आहे, आणि उद्याच्या लेखकाला तो उपयोगी पडेल. निक ॲडम्सचे अनुकरण करून मराठीत ट्राउटची कथा लिहिण्याने काही साधणार नाही. लिहावयास हवी ती वलगणीची रात्र, आणि तीही बांधावर उभ्या असलेल्याने.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. सुकापूरच्या आसपास भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहात आहेत. खाचर बुजले की ओहोळाचे तोंड बुजते, आणि मासा चढण्याची वाट बंद होते. जळालेल्या सेनी गावापलीकडे निकला नदी तरी जागच्या जागी सापडली होती. वर्गात ‘धरला कशाला’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी आपल्या आजोबांबरोबर बोकशी लावलेली आहे. त्या प्रश्नाचे उत्तर प्राध्यापकाने देण्यापेक्षा त्यांनीच लिहून द्यावे, असा स्वाध्याय आता प्रस्तुत लेखक त्या कथेनंतर देत असतो. त्यांच्या वह्यांत ‘गरवणे’ हे क्रियापद येते, आणि कर्ता ‘मी’ असतो.