ओझ्याचे वाङ्मय

पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चालणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत जी पुस्तके लिहिली गेली आहेत, त्यांना वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न कुणी विचारील. सॅक कोणती घ्यावी हे सांगणाऱ्या पुस्तकाचा आणि टीकालेखाचा संबंध काय? माझे म्हणणे असे की, बरोबर काय घ्यावे आणि मागे काय टाकावे हे जे पुस्तक सांगते, ते नकळत जगण्याविषयीही काही सांगून जाते. आणि म्हणून त्याची तपासणी कादंबरीइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो आणि सुट्टीत मुलांना घेऊन सह्याद्रीतले किल्ले चढतो. ही पुस्तके मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, ती याच दुहेरी गरजेपोटी.

या प्रांतातला मोठा लेखक कॉलिन फ्लेचर. वेल्समध्ये जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात सैनिक असलेला आणि १९६३ साली ग्रँड कॅन्यनचे राष्ट्रीय उद्यान या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने पायी ओलांडणारा हा गृहस्थ. त्याचे ‘द कम्प्लीट वॉकर’ १९६८ साली निघाले आणि २००२ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. पाठीवरचे ओझे म्हणजे घर, ही त्याची मूळ कल्पना. बूट हा त्या घराचा पाया, सॅक म्हणजे भिंती. मग स्वयंपाकघर, निजायची खोली, कपड्यांचे कपाट. ही नुसती अलंकारिक गंमत नव्हे. एक एक वस्तू वजनाच्या काट्यावर ठेवून तिचा हिशेब मागण्याची सचोटी या पुस्तकात आहे, आणि तिच्यामुळेच ते आजही वाचवते. पण घर म्हटले की त्यात काही ना काही साठतच जाते. फ्लेचरचा वाचक वस्तूंचा हिशेब करायला शिकतो. वस्तूवाचून चालायला मात्र फारसा शिकत नाही.

त्याचे प्रत्युत्तर रे जार्डीनने दिले. हा अभियंता आणि खडक चढणारा. पत्नीसह त्याने अमेरिकेच्या पश्चिमेकडील, सुमारे ४,२६५ किलोमीटर लांबीची पॅसिफिक क्रेस्ट वाट एकाहून अधिक वेळा चालून काढली आणि १९९२ साली त्या वाटेविषयीची आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याचा युक्तिवाद साखळीसारखा आहे: सामान कमी केले की सॅक हलकी चालते, सॅक हलकी झाली की जड बुटांची गरज उरत नाही, पाय मोकळे झाले की पल्ला वाढतो, पल्ला वाढला की दोन गावांमध्ये शिधा कमी लागतो. त्याची सॅक घरी शिवलेली, चौकटीवाचूनची, कमरपट्ट्यावाचूनची, एक पौंडाहूनही हलकी. तर्क निर्दोष आहे. परंतु त्या तर्काला एक क्रम आहे, आणि जार्डीननंतर आलेल्या पंथाने नेमका तोच उलटा केला. सामान तेवढेच ठेवून प्रथम हलकी सॅक विकत घ्यायची, असा आता शिरस्ता पडला आहे.

येथे थोडे व्यवहाराचे बोलले पाहिजे. वीस किलो ओझ्यात सॅकचे एक किलो वाचवले, तर बचत झाली वीसातला एक भाग. पण ते वाचवण्यासाठी आतली चौकट आणि भक्कम कमरपट्टा गेला असेल, तर उरलेले एकोणीस किलो खांद्यांवर लोंबकळू लागतात. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ साली ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवायला सुरुवात केली. त्यांचा आणि त्यांच्या पिढीचा मोठा लाभ असा, की वजन खांद्यावरून कमरेच्या हाडावर उतरवायचे ही गोष्ट सामान्य चालणाऱ्यालाही कळली. खांदा हा सांधा आहे, कमर हे आसन आहे. चौकटीचे काम तेवढेच: वरचे वजन मध्ये न वाकता खालच्या आसनापर्यंत पोचवणे. ती चौकट जड नळ्यांची हवी असे नाही. दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्याही ते काम करतात. म्हणून जड ओझ्यासाठी हलकी सॅक मिळू शकते. मात्र हलकेपणा कापडात, खिशांत, बंदांच्या गर्दीत शोधावा, कण्यात नव्हे.

मग निवड कशी करावी? आपल्या उंचीवर जाऊ नये. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जो मणका बोटाला लागतो, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. सॅकची पाठ त्या मापाची हवी. पट्टा पोटावर नव्हे, त्या हाडांवर बसला पाहिजे. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीच कळत नाही. आपण नेणार तेवढे वजन भरून अर्धा तास जिने चढावे-उतरावे. पट्टा घट्ट केल्यावर खांद्याचे बंद थोडे सैल सोडून पाहावेत. वजन कमरेवर राहिले तर सॅक खरी, खांद्यावर परत आले तर ती कितीही हलकी असो, ठेवून द्यावी.

नव्या पंथात एमा गेटवूड या बाईंचे नाव पुराव्यासारखे घेतले जाते. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या ॲपलाचियन वाट एकट्याने चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली एक थैली, पायांत कॅनव्हासचे बूट. पण या दाखल्यातली एक गोष्ट गाळली जाते. वाटेत अनोळखी लोकांनी त्यांना जेवू घातले, पडवीत झोपू दिले. त्यांच्या थैलीचे हलकेपण काही अंशी त्या घरांनी पेलले होते. मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. उलट एक सत्य दिसते. ओझे नाहीसे क्वचितच होते. बहुधा ते दुसरीकडे जाते.

या वाङ्मयावरचा माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. अमेरिकेच्या रानात ज्याचे त्याने वाहावे लागते, म्हणून त्या पुस्तकांत दुसरा माणूस नाही, हे समजण्यासारखे आहे. पण तीच पुस्तके वाचून आपला मराठी पदभ्रमी हिमालयात जातो, पाठीवर पाच किलोची टुमदार सॅक मिरवतो, आणि बाकीचे ओझे कपाळावर नाम्लोचा पट्टा घेतलेल्या हमालाच्या डोक्यावर जाते. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नेपाळी हमालांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष हमालांचे ओझे सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरले. आणि तसल्या ओझ्याला लागणारी त्यांची शक्ती सॅक वाहणाऱ्या युरोपीय माणसापेक्षा कमी निघाली. ते सावकाश चालतात, वारंवार थांबतात. ओझ्याचे एवढे ज्ञान ज्यांच्या मानेत आहे, त्यांचे एकही पान या शास्त्रात नसावे, याला मी उणीव म्हणतो.

आणि उणीव फक्त तेथेच नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावे असे ठरवले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वजन २८ किलो. तिचे दप्तर काट्यावर साडेपाच भरले. त्यात दोन किलो पाण्याचे होते, कारण शाळेच्या नळाला पाणी येत नाही. पॅसिफिक क्रेस्टच्या वाळवंटात पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घ्यावे लागते, तेव्हा जार्डीनचा सारा तर्क लंगडा पडतो, हे मला पुस्तकात वाचून पटले नव्हते इतके त्या दप्तराने पटवले. तिला हलके दप्तर घेऊन देणे सोपे आहे. नळाला पाणी आणणे अवघड आहे, आणि खरे उत्तर तेच आहे.

फ्लेचर वाचावा, त्याच्या हिशेबासाठी. जार्डीन वाचावा, त्याच्या क्रमासाठी. सॅक घ्यायची असेल तर मापे घेऊन घ्यावी. पण हलकेपणाची स्तुती करणारे पान आले की वाचकाने तेथे थांबून, कमी झालेले ते वजन आता कुणाच्या पाठीवर आहे, एवढे विचारून पाहावे. या दोघांपैकी कुणीही ते विचारलेले नाही. आपल्याकडे जो कुणी मराठीत असे पुस्तक लिहील, त्याने त्या प्रश्नापासूनच आरंभ करावा, असे मला वाटते.