संगणकावरील ‘क्रिस्तपुराण’ आणि टीपकाराचे इमान

जुना ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर दिसू लागला म्हणजे तो आपल्या हाती आला, असा समज रूढ होत आहे. ग्रंथालयांच्या डिजिटल भांडारांचे आम्हांस अप्रूप आहेच. परंतु पानाचे छायाचित्र म्हणजे ग्रंथाचे आकलन नव्हे. त्यास अभ्यासकाच्या टिपांची जोड नसेल, तर वाचकाची दिशाभूल होण्याचाच संभव अधिक. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ याचे बोलके उदाहरण आहे.

सुमारे ११ हजार ओव्यांचे हे काव्य १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमन आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हे काव्य देवनागरीत आणले. लंडनच्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’च्या मार्सडेन संग्रहात मात्र एक देवनागरी पोथी आहे. रोमन संहितेत जेथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द येतात, तेथे या पोथीत पुष्कळदा संस्कृत शब्द आढळतात.

मग कवीचा मूळ शब्द कोणता? सुवार्तेस मराठी वेष त्याने स्वतः किती चढविला आणि नंतरच्या लेखनिकाने किती, हा प्रश्न या एका पाठभेदावर अवलंबून आहे. एकच पोथी टिपांवाचून पडद्यावर मांडली, तर वाचक तिलाच स्टीफन्सचा अंतिम शब्द मानील.

लिपीचीही अडचण आहे. १९०७च्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘पुराण’ शब्दातील ‘ण’ हा रोमन ‘न’ दोनदा छापून दाखविला आहे. यंत्र ती अक्षरे टिपील. त्यांमागचा उच्चार अभ्यासकानेच सांगावयास हवा.

परंतु टीपकारासही मर्यादा हवी. १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांनी, तीत स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यांना कठोर शब्दांत बजावले होते. नव्या साधनांनी हा विवेक पाळणे सुकर केले आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१७ साली संमत केलेल्या प्रमाणपद्धतीत टीप आणि ज्यावर ती लिहिली तो मजकूर ही वेगवेगळी राहतात. टीप कोणाची व कधीची, याचीही नोंद ठेवता येते. मूळ संहितेस धक्का लागत नाही आणि दोन अभ्यासकांचे मतभेद शेजारी शेजारी नांदू शकतात.

म्हणून आमचे मत असे, की डिजिटल प्रतीची पारख चित्राच्या स्वच्छतेवरून करू नये. हा पाठ कोणत्या पोथीतला, अन्यत्र तो कसा आहे आणि ही टीप कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे जी प्रत देईल, तीच विश्वासार्ह. ज्या कुटुंबांत हे पुराण आदराने वाचले जाते, त्यांनी ही उत्तरे अवश्य मागावीत. ग्रंथावरील प्रेमाचेच ते एक रूप होय.