शत्रूच्या पंगतीला बसलेला बंडखोर

दक्षिण बंगळूरच्या बनशंकरीत पत्ता सांगताना टप्पाही सांगावा लागतो: पहिला, दुसरा, थेट सहावा. २०२४च्या उन्हाळ्यात याच शहरात पाण्यासाठी एवढी ओरड झाली, की टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. अशा शहरातून वर्गव्यवस्थेची विज्ञानकथा निघाली, यात नवल नाही.

लावण्या लक्ष्मीनारायण यांची ‘ॲनालॉग/व्हर्च्युअल’ ही इंग्रजी कादंबरी २०२० साली आली. २०२३ मध्ये ती परदेशात ‘द टेन पर्सेंट थीफ’ या नावाने निघाली आणि पुढच्या वर्षी आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. तिच्यातल्या बंगळूरचं नाव आता ‘एपेक्स सिटी’ आहे. राज्य एका कंपनीचं. माणसाची लायकी आलेखावर मोजायची. वरचे वीस टक्के मजेत, तळच्या दहा टक्क्यांच्या मानेवर हद्दपारीची टांगती तलवार. हद्दपार झालेल्या ‘ॲनालॉग’ माणसांना वीज नाही, नळ नाही. त्यांच्यातली एक चोर वरच्यांच्या, म्हणजे ‘व्हर्च्युअल’ लोकांच्या, शहरात शिरते आणि पळवते काय, तर नीलमोहराचं एक बी! फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगळूरचे रस्ते जांभळे करणारं हे झाड. ज्याने तो सडा तुडवला आहे, त्याला या चोरीची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

सत्ताधाऱ्यांत मिसळून त्यांची सत्ता पोखरणारा नायक जगभर लोकप्रिय झाला तो पियर्स ब्राउन यांच्या २०१४च्या ‘रेड रायझिंग’मुळे. मंगळाच्या पोटात हेलियम-३ खणणारा डॅरो शस्त्रक्रियेने सत्ताधारी ‘गोल्ड’ होतो, मालकांच्या पोरांबरोबर शिकतो, लढतो. वेग जबरदस्त आहे. पण मालकांच्या पोरांची झुंज इतकी रंगते, की खाण हळूहळू नजरेआड होते. बंगळूरची कादंबरी नेमकी इथे वरचढ ठरते. तिथे ॲनालॉग घरातली एक मुलगी व्हर्च्युअल कुटुंबात दत्तक येते आणि पियानो वाजवून आपली लायकी पटवू पाहते. हातात शस्त्र नाही, पोटात गोळा मात्र आहे. एक तक्रार राहतेच: माणसं कुठे ओळखीची होताहेत, तोच कादंबरी त्यांना सोडून पुढे जाते.

मराठीचं काय? मराठी विज्ञानकथेला वेषांतर नवं नाही. १९७४ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. ही घुसखोरी उलट्या दिशेची: मोठा माणूस नवशिक्यांच्या रांगेत. पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. पण त्या परंपरेचा जीव कल्पनेत आणि तिच्या शास्त्रीय उलगड्यात रमला. गुरुत्वाकर्षण कसं चालतं हे तिने उत्तम सांगितलं; सत्ता कशी चालते, याकडे क्वचितच वळली.

ठळक अपवाद नंदा खरे. त्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीत पाळत आणि कंपन्यांची हुकमत अंगावर येते. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारलाही. याच लेखकाच्या ‘अंताजीची बखर’मधला अंताजी अठराव्या शतकातल्या बंगालच्या धामधुमीत हेरगिरी करत फिरतो. म्हणजे कावेबाज हेर एका पुस्तकात, भयाण भविष्य दुसऱ्यात. दोघांची गाठ घालून देणारी कादंबरी मराठीला अजून हवी आहे.

कच्च्या मालाची वाण नाही. १९८२च्या संपानंतर मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्याच आवारात गिरणी कामगाराचा नातू गळ्यात ओळखपत्र अडकवून कामाला जातो, ही निम्मी कथा तयारच आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा विज्ञानकथा मागवताना लेखकाला शोधाबद्दल कमी आणि त्या शोधाच्या मालकाबद्दल जास्त विचारावं.