पाचव्या गड्याची लय

एलसीडी साउंडसिस्टम या बँडचं ‘ऑल माय फ्रेंड्स’ हे गाणं सुरू होतं ते नुसत्या पियानोवर. दोनच स्वरसंगती, पुन्हा पुन्हा, ठोकून वाजवलेल्या. नीट कान दिला की लक्षात येतं, ठोके सारखे पडत नाहीत. एखादा किंचित आधी येतो, एखादा रेंगाळतो. बँडचा म्होरक्या जेम्स मर्फी, त्याचा प्रांत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा. ही ओळ यंत्राकडून घोटून घेणं त्याला सहज जमलं असतं. पण त्याने वाजवणारा हात ऐकू येऊ दिला, आणि साडेसात मिनिटांच्या या गाण्याचा जीव माझ्या मते तिथेच आहे.

हे मला उमगलं ते अमेरिकेत शिकताना, कॉलेजच्या क्रॉस कंट्री धावण्याच्या संघात. तिथे शर्यतीत संघाच्या सात जणी उतरतात, पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज होते, आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. पहिली आलेली मुलगी डोळ्यांत भरते. पण पाचवी गर्दीत वीस जागा मागे पडली, की सगळं मुसळ केरात. म्हणून घोळका फुटू द्यायचा नाही, हा पहिला धडा. शर्यतीत हेडफोनला बंदी. चिखलाच्या चढावर ऐकू येतात ते शेजारणींचे श्वास आणि पावलं. ती कधीच नेमकी एकत्र पडत नाहीत, तरी सगळ्या मिळून एकाच वेगाने चढतो. पियानोच्या त्या ओळीत मला हाच आवाज ऐकू येतो.

पुढे ड्रम्स येतात, बास येतो, बऱ्याच उशिरा गिटार. गाण्याला रूढ अर्थाने ध्रुवपद नाही, स्वरसंगती बदलत नाहीत, तरी गती वाढत चालल्याचा भास होतो. आपल्या शास्त्रीय संगीतात द्रुत लयीत जायचं तर लय खरोखर वाढवतात. इथे नुसते थर चढत जातात. एव्हाना पियानो दबतो, पण हटत नाही. संघातल्या पाचव्या मुलीचं काम ते हेच. मर्फीचा आवाजही मिनिटभर थांबून, सहज बोलल्यासारखा येतो. वय वाढणं, दौऱ्यांत निसटलेली वर्षं, दुरावलेले मित्र. शेवटाकडे तो आवाज ताणला जातो, पण सुबक होत नाही. दमलेल्या माणसाने गावं तसंच तो गातो, म्हणून ते खरं वाटतं.

याच मर्फीने 2006 मध्ये नायकेसाठी, खास धावणाऱ्यांकरता म्हणून, ‘45:33’ ही सलग रचना केली. तिचाच एक तुकडा पुढे ‘समवन ग्रेट’ झाला आणि 2007 च्या ‘साउंड ऑफ सिल्व्हर’ या अल्बममध्ये ‘ऑल माय फ्रेंड्स’च्या शेजारी जाऊन बसला. ‘45:33’ देखणी आहे, तिची वळणं आखीव आहेत, आणि धावून आल्यावर अंग सैल करताना मी ती आनंदाने ऐकते. चढावर मात्र डोक्यात वाजतो तो पियानोच.